शुक्रवारी ठरलेली सहल, सोमवारचा रिकामा फ्रिज

युरोपात राहणाऱ्या मराठी जोडप्यांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. "शनिवार-रविवार अचानक कुठेतरी जायचं ठरवतो, जातोही, आणि दर वेळी भांडूनच परततो. एरवी सगळं ठीक असताना दोन दिवस आनंदात काढता येत नाहीत, म्हणजे आमच्या नात्यातच काही खोट आहे का?"

पुढचं प्रकरण म्युनिकमधल्या एका जोडप्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो सॉफ्टवेअरमध्ये, काही वर्षांपासून जर्मनीत. ती लग्नानंतर आली. पुण्यात अकाउंट्स सांभाळायची, इथे जर्मनच्या बी-१ परीक्षेची तयारी करत होती. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "चल, उद्या साल्झबुर्गला जाऊ." सीमेपलीकडच्या, ऑस्ट्रियातल्या या शहरातलं हॉटेल त्याने येता येता फोनवर बुक केलं होतं, रद्द केलं तर पैसे परत न मिळणारं. त्याच्या मनात ही तिच्यासाठी भेट होती. तिचा चेहरा खुलला नाही, आणि पहिली ठिणगी तिथेच पडली. रविवारी रात्री परतताना दोघांत अबोला होता.

समुपदेशनासाठी भेटीला आले तेव्हा त्याचं म्हणणं होतं, "हिला कशाचाच उत्साह नाही." तिचं म्हणणं, "याला माझं काही दिसतच नाही." अशी दोन वाक्यं समोरासमोर उभी राहिली की त्यांवर वाद घालून काही निघत नाही. म्हणून दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत आपण काय काय केलं ते लिहायला सांगितलं. भावना नकोत, फक्त कामं. डोक्यात ठेवलेली कामंही धरायची.

त्याच्या कागदावर जेमतेम सहा-सात ओळी होत्या. तिचं पान दोन्ही बाजूंनी भरलं.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, आणि बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्यात, इतर दिवशीही रात्री ८ ला शटर खाली येतं. रविवार शांततेचा दिवस, त्यामुळे अनेक इमारतींत वॉशिंग मशीन लावायलाही बंदी असते. म्हणजे आठवड्याचा बाजार, कपडे, साफसफाई या सगळ्याला घरातल्या बहुतेकांच्या हाती एकच दिवस उरतो, शनिवार. सहलीने तोच दिवस घेतला. त्याला दिसत होते दोन मोकळे दिवस. तिला दिसत होती दूध, भाजी आणि धुतलेले कपडे नसलेली सोमवारची सकाळ, त्यात तिचा क्लास. रविवारी सकाळी सासरी आणि माहेरी व्हिडिओ कॉलचा शिरस्ता होता. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, त्यामुळे इथल्या अकराला तिकडे जेवणं उरकून सगळे वाट पाहत बसतात. ते दोन्ही कॉल पुढे ढकलण्याचे मेसेज तिनेच केले. नाराजी ऐकली तीही तिनेच.

तिकिटाचंही तसंच. "प्रवास तर फुकटच आहे," असं तो म्हणाला होता. त्याच्याकडे डॉइचलँड-टिकिट, म्हणजे जर्मनीभराचा मासिक पास, आहे आणि ते साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत प्रादेशिक गाड्यांत चालतं, हे खरं. तिच्याकडे ते नाही. तिला बायर्न-टिकिट घ्यावं लागलं आणि ते एकाच दिवसाचं असतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या पहाटे ३ पर्यंत. म्हणजे जाण्याचं एक, येण्याचं दुसरं. (हेच टिकिट कामाच्या दिवशी सकाळी ९ च्या आधी चालत नाही, आणि रेलजेट किंवा आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत तर कधीच नाही. दंडाची प्रकरणं बहुतेक इथेच होतात.) रक्कम मोठी नव्हती. पण ती सध्या कमावत नाही, आणि "फुकट"मध्ये आपल्याला धरलंच नव्हतं, हे तिला लागलं. हे तिने त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. पहिल्यांदा बोलली ती कागद वाचताना.

शनिवारी दुपारी तीनला दोघं जेवायला जागा शोधत फिरत होते. ऑस्ट्रियात अनेक ठिकाणी दुपारच्या दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी उघडतं. अखेर एके ठिकाणी चीजचे गोळे घातलेलं सूप मिळालं. ती शाकाहारी. 'ओने फ्लाइश', म्हणजे मांस नको, एवढं सांगून झालं होतं. सूप मात्र नेहमीप्रमाणे गोमांसाच्या अर्कात केलेलं निघालं. तिकडच्या बऱ्याच खानावळींत असं सूप कोणाला मांसाहारी वाटत नाही, म्हणून 'रिंडसुप्पे', म्हणजे गोमांसाच्या अर्काचं सूप, आहे का हे वेगळं विचारावं लागतं. वाढणाऱ्याची चूक नव्हती. चूक पुढे झाली. तो म्हणाला, "एवढं चालतं गं, गोळे खा, पाणी ठेव."

रविवारी सकाळी नाश्त्याला त्याने हालश्टाटचं नाव काढलं. साल्झबुर्गहून बसने बाड इश्ल, तिथून रेल्वे, मग तळ्यापलीकडच्या गावात न्यायला होडी. एका बाजूने अडीच तास धरावे लागतात. दोघं बाड इश्लपर्यंत गेले, परतीचा हिशेब जुळेना, आणि तिथूनच मागे फिरले. साल्झबुर्गच्या किल्ल्याचं काम १०७७ मध्ये सुरू झालं, जुनं शहर १९९६ पासून जागतिक वारसा आहे, आणि सगळं पायी फिरण्याजोगं. त्यातलं अर्धंही पाहून झालं नव्हतं.

परतताना फ्राइलासिंग या सीमेजवळच्या जर्मन स्टेशनात पोलीस गाडीत चढले. ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीची तपासणी २०१५ पासून सुरू आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. तिच्याजवळ रेसिडेन्स परमिटचं कार्ड होतं, पासपोर्ट घरी कपाटात. कायद्याने दोन्ही जवळ लागतात. चार प्रश्न विचारून पोलीस पुढे गेले, पण तिचे हात थरथरत होते आणि तो म्हणाला, "काही होत नाही, उगाच घाबरतेस." त्यानंतर म्युनिकपर्यंत कोणीच बोललं नाही.

दोघांचे कागद शेजारी ठेवल्यावर त्याने बराच वेळ तिचा कागद वाचला. मग विचारलेला प्रश्न प्रामाणिक होता. "पण मी तर तुझ्यासाठीच ठरवलं होतं."

खरंच ठरवलं होतं, आणि हे तिच्यासमोर स्पष्ट म्हणणं गरजेचं होतं. अचानक निघण्यात आनंद असतो तो निर्णयाचा, आणि निर्णयामागोमाग कामं येतात. निर्णय एकाने घेतला आणि कामं न सांगता दुसऱ्याकडे गेली, की पहिल्याला समोरचा रडका वाटतो आणि दुसऱ्याला पहिला बेफिकीर. दोघांचं प्रेम कमी नसतं. म्हणूनच "आमच्या नात्यात खोट आहे का" या प्रश्नाचं उत्तर, अशा बहुतेक प्रकरणांत, नाही असं आहे.

नव्या अनुभवांनी नातं ताजं राहतं हेही खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांना एकमेकांशी मनगट-घोट्याने बांधून, हात न लावता उशी घेऊन अडथळा ओलांडायला लावलं होतं. जेमतेम सात मिनिटांचं काम, पण ते करणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल नंतर अधिक समाधान वाटलं. नव्या गोष्टीइतकंच त्यात महत्त्वाचं आहे की काम दोघांचं होतं. एक ओढतोय आणि दुसरा ओढला जातोय, तिथे हा फायदा मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

मग बदल ठरले. सगळ्यांत जास्त वेळ पहिल्याच बदलावर गेला: तारीख आधी ठरवायची, गाव अचानक ठरवायचं. महिन्यातला एक शनिवार-रविवार दोघांनी मोकळा धरायचा. त्या आठवड्यात बाजार गुरुवारी संध्याकाळी, आठच्या आत, आणि तो करणार तो. कपडे बुधवारी. सोमवारसाठी आमटीचे दोन डबे फ्रीजरमध्ये, दूध आणलेलं. हे झाल्याशिवाय हॉटेल बुक करायचं नाही. तो म्हणाला, "मग यात अचानक काय उरलं?" उरतं ते बरंच. शुक्रवारी हवामान पाहून गाव निवडता येतं. साल्झबुर्गला पावसाची झड लागलेली असेल तर उलट दिशेची गाडी पकडता येते. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर तिथे संगीत महोत्सव असतो आणि खोल्यांचे भाव चढलेले असतात, तेव्हा दुसरीकडे वळता येतं.

दुसरा बदल एका पिशवीचा. दाराजवळच्या कप्प्यात कायम भरलेली: दोघांचे पासपोर्ट आणि परमिट, आरोग्य विम्याची कार्डं (सरकारी विमा असेल तर कार्डाची मागची बाजू युरोपभर चालते), नेहमीची औषधं, छत्री, चार्जर, थेपले किंवा खाकऱ्याचं पाकीट. परत आल्यावर पिशवी भरायची जबाबदारी त्याची. परमिटचं नूतनीकरण चालू असून हातात फक्त तात्पुरता कागद असेल, तर अचानक सीमा ओलांडू नये. त्या कागदावर कोणतं कलम लावलंय त्यावर परत प्रवेश अवलंबून असतो, तेव्हा आधी परदेशी नागरिक कार्यालयाला विचारावं. आणि लंडन किंवा डब्लिनचं स्वस्त विमान दिसलं तरी शेंगेन या युरोपीय देशांच्या गटातलं परमिट तिथे पुरत नाही. भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो.

पैशाचं लवकर सुटलं. दोघांनी एकमेकांना न दाखवता सहलीचा आकडा लिहायचा आणि लहान आकडा धरायचा. जेवणाचं त्याहून सोपं: दुपारी दीडच्या आत बसायचं. भुकेल्या पोटी घेतलेला कोणताही निर्णय या जोडप्याला मानवलेला नव्हता.

वाद पेटलाच तर वीस मिनिटं थांबायचं, वेगळ्या बाकावर बसायचं, आणि किती वाजता परत भेटायचं ते सांगून जायचं. जोडप्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या कामातून पुढे आलेली ही गोष्ट आहे. एकदा छाती धडधडायला लागली की शरीर निवायला किमान एवढा वेळ लागतो, तोवर ऐकू येतं पण समजत नाही. वेळ न सांगता निघून गेलं तर मात्र समोरच्याला ते टाकून जाणं वाटतं.

पुढची सहल मुद्दाम बायर्नमध्येच ठेवली, रेगेन्सबुर्गला. दीड तासाचा रेल्वेप्रवास, सीमा नाही, बाराव्या शतकातला दगडी पूल आणि डॅन्यूबचा काठ. शनिवार तिचा, रविवार त्याचा असं ठरलं होतं. तरी रविवारी बिनसलं. तो दर दहा मिनिटांनी विचारत होता, "इथे जाऊ? तुला चालेल ना? मग तूच सांग." त्याला वाटत होतं आपण काळजी घेतोय. तिला वाटत होतं, दिवस त्याचा असूनही निर्णय माझ्याच गळ्यात. नियम सुधारला: ज्याचा दिवस, त्याने न विचारता ठरवायचं, दुसऱ्याला दिवसभरात दोनदा "हे नको" म्हणायची मुभा, कारण न देता. शाकाहार आणि कागदपत्रं या दोन गोष्टी मुभेत मोजायच्या नाहीत, त्या पाळायच्याच. हा सुधारलेला नियम टिकला आहे.

"काही होत नाही" हे वाक्य सुटायला मात्र वेळ लागतोय. त्याच्या घरी ते धीर देण्यासाठी म्हणायचे. तिला त्या जागी "थांब, बघू" चालतं, असं तिने सांगितलं आणि तो प्रयत्न करतो आहे.

अशाच तक्रारीआड कधी वेगळं प्रकरणही असतं. पासपोर्ट जोडीदाराने कुलपात ठेवलाय, "नको" म्हटलं तर दिवसेंदिवस शिक्षा होते, परक्या शहरात रागाने एकटं सोडून दिलं जातं, खर्चाचा प्रत्येक सेंट मागितला जातो. असं असेल तर वर सांगितलेलं काहीही करू नका. दिवस वाटून घेतल्याने ते सुटत नाही आणि जोडीने समुपदेशनाला येणंही धोक्याचं ठरू शकतं. एकटीने भेट मागा. जर्मनीत स्त्रियांसाठी ११६ ०१६ ही मदतवाहिनी चोवीस तास, विनाशुल्क आहे, आणि बोलण्यासाठी जर्मन येण्याची अट नाही.