जुन्या काळावर बेतलेली ‘एस्केप रूम’ मित्रमंडळींसोबत खेळण्यात खरोखर आनंद मिळतो का?

आपण विचारले आहे की, १९८० च्या दशकावर बेतलेली ‘एस्केप रूम’ मित्रांसोबत खेळण्यात काही विशेष आहे का, की जुन्या वस्तू मांडलेल्या खोलीत तासभर फिरून येण्याचेच पैसे द्यावे लागतात. गेल्या वर्षी पुण्यात अशी एक खोली आम्ही पाच जण खेळलो. कॉलेजपासूनचे आम्ही चौघे, सर्वांची पन्नाशी जवळ आलेली, आणि पाचवी माझ्या मैत्रिणीची १९ वर्षांची मुलगी. त्या अनुभवावरून सांगते की अशी खोली भरभरून आनंद देते. मात्र त्यातली कोडी त्या जुन्या वस्तू प्रत्यक्षात कशा चालत असत यावरच रचलेली असली पाहिजेत.

ज्यांना हा खेळ अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, एका सजवलेल्या खोलीत साधारण ६० मिनिटांत दडवलेले दुवे शोधून, कोडी सोडवून आणि एकामागून एक कुलपे उघडून बाहेर पडायचे असते. संगणकावरच्या सुटकेच्या खेळांतून ही कल्पना निघाली आणि २००७ साली जपानमधील क्योटो येथे ताकाओ काटो यांच्या ‘स्क्रॅप’ या संस्थेने ती प्रत्यक्ष माणसांसाठी उभी केली.

आमची खोली म्हणजे एका मध्यमवर्गीय घरातली बाहेरची खोली होती. भिंतीवर १९८६ चे कॅलेंडर लावलेले होते आणि त्यानंतरच्या काळातली एकही वस्तू तिथे नव्हती, ही काळजी मला फार आवडली. कोपऱ्यात लाकडी शटर असलेला कृष्णधवल दूरदर्शन संच, त्या शटरला सहा आकडी कुलूप, स्टुलावर काळा डायलचा फोन, टेबलावर टेपरेकॉर्डर आणि खुंटीला अडकवलेल्या पिशवीत एक निळे आंतरदेशीय पत्र, एवढाच पसारा होता.

पहिले कोडे कॅसेटचे होते. तिच्या डबीतल्या कार्डावर पेन्सिलीने फक्त ‘१८४’ लिहिले होते. आम्ही चौघांनीही घरी कॅसेटवर गाणी भरून घेतलेली असल्यामुळे हा टेपरेकॉर्डरच्या काउंटरचा आकडा आहे हे लगेच ओळखले, फीत १८४ पर्यंत पळवली आणि ऐकू आली नुसती खरखर. त्यात आमची सहा-सात मिनिटे गेली. काउंटर हा काही फितीवर छापलेला पत्ता नसतो. चकती किती फिरली एवढेच तो मोजतो. त्यामुळे फीत आधी अगदी सुरुवातीपर्यंत मागे न्यायची, बटण दाबून काउंटर ००० वर आणायचा आणि मगच पुढे जायचे, हे आमच्यातल्या एका मित्राला उशिरा आठवले. मागे नेताना फीत थोडी सैल पडली, तेव्हा त्याने खिशातली षट्कोनी पेन्सिल चकतीत घालून ती फिरवली. चकतीला आत सहा दाते असतात म्हणूनच ती पेन्सिल तिथे नेमकी अडकते, हे त्या मुलीने त्या दिवशी प्रथमच पाहिले आणि हातातले काम टाकून ती बघत राहिली.

१८४ वर जे ऐकू आले ते गाणे नव्हते. फोनची डायल फिरवून सोडल्यावर ती परत येताना होणारी टकटक होती, चार वेळा, मध्ये थोडी थोडी उसंत देऊन. मला या संपूर्ण तासातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, म्हणून तो सविस्तर लिहिते.

आम्ही चौघांनी असे फोन बालपणी आणि तरुणपणी कित्येक वर्षे वापरले होते, पण त्या टकटकीचा अर्थ आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. त्या मुलीने मात्र फीत दोनदा ऐकून कागदावर ठोके मांडले: चार, दोन, दहा, सात. मग तिने विचारले, “मावशी, एका आकड्याच्या जागी दहा कसे येतील?” आम्ही निरुत्तर होतो. तिने फोन जवळ ओढून डायलकडे नीट पाहिले, एकपासून नऊपर्यंत भोके मोजली आणि नवाच्या पुढे शून्य आहे हे पाहून म्हणाली की, ज्याला सर्वांत लांबून परत यावे लागते ते दहावे भोक शून्याचे, म्हणून दहा ठोके म्हणजे शून्य. तिचे अगदी बरोबर होते. डायल स्प्रिंगच्या जोरावर एकसारख्या वेगाने परत येते आणि येताना तारेतला विद्युतप्रवाह त्या आकड्याइतक्या वेळा, सेकंदाला सुमारे १० या गतीने, तोडते. एक्स्चेंजमधली यंत्रणा हे खंड मोजून नंबर ओळखत असे. आमच्या बोटांना हे सारे ठाऊक होते, पण आम्ही त्याचा कधी विचारच केला नव्हता. तिला ते मुळीच ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच तिने विचार केला.

लगेच पारडे फिरले, कारण आता तो ४२०७ नंबर लावायचा होता. तिने आधी भोकांत बोट घालून ती बटणासारखी दाबली. मग डायल फिरवली ती अर्ध्यातच सोडली. पुढच्या खेपेस अडणीपर्यंत नेली खरी, पण परत येताना बोट काढलेच नाही. बोटामुळे डायलचा वेग बदलला की ठोके बिघडतात आणि नंबर चुकतो. “बोट काढून घे, तिला आपणहून परत येऊ दे,” असे मी तिला सांगितले तेव्हा, माझ्या वडिलांनी मला हेच शब्द ऐकवले होते हे आठवून माझा गळा दाटून आला. चौथ्या प्रयत्नात नंबर लागला आणि पलीकडून मुद्रित आवाज आला: “पत्ता पुरा केल्याशिवाय पत्र पोहोचत नाही.”

त्या निळ्या पत्रावर पत्ता होता ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’. आम्हाला हे लिहिणे इतके सवयीचे की त्यात काही अपुरे आहे असे वाटलेच नाही. भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची रचना टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. तरीही पुण्यामुंबईची माणसे पुढे कित्येक वर्षे जुना विभागक्रमांकच लिहीत राहिली, आणि नव्या सहा आकड्यांच्या शेवटी तो क्रमांक कायम असल्यामुळे कुणाचे अडलेही नाही. खोलीतल्या महाराष्ट्राच्या नकाशावर पुण्याशेजारी बारीक अक्षरांत ४११ लिहिलेले होते. ४११०३० लावताच दूरदर्शन संचाच्या शटरचे कुलूप उघडले आणि आत दाराची किल्ली मिळाली. घड्याळात चार मिनिटे शिल्लक होती.

याउलट, त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणी मी अशीच ‘जुन्या काळाची’ खोली खेळले होते आणि तिथून निराश होऊन परतले. तिथे ग्रामोफोन टेबलाला चिकटवलेला होता, रेडिओ पोकळ होता आणि कोडी मात्र अंकगणिताची होती. एकच कोडे तारेवर होते. तार करताना छापील शुभेच्छांपैकी हवी ती निवडून तिचा क्रमांक तेवढा लिहायची सोय असे. तो क्रमांक खेळणाऱ्याने स्मरणातून सांगावा अशी तिथे अपेक्षा होती आणि यादी खोलीत कुठेही नव्हती. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; ज्याने आयुष्यात एकही तार केलेली नाही त्याने हे कसे ओळखावे? या खेळाचा मूळ संकेतच असा आहे की, उत्तरासाठी लागणारे सर्व काही खोलीत असले पाहिजे. आठवणी असलेल्यांना आपुलकी वाटावी आणि नसलेल्यांनाही कोडे सुटावे, हे दोन्ही साधणे अवघड असते. नकाशावरच्या त्या ४११ मुळे आमच्या खोलीने ते साधले होते.

आपण जाणार असाल तर चार किंवा पाच जणच जा. सहाव्याला बहुधा नुसते उभे राहावे लागते. त्यांत एक तरी विशीच्या आतबाहेरचे माणूस असू द्या आणि मोठ्यांनी त्याच्या हातातून वस्तू हिसकावून घेऊ नये. वेळ वाचवण्यासाठी मी स्वतः दोनदा तसे केले आणि दोन्ही वेळा तिचा विरस झाला, याचे मला आजही वाईट वाटते.

नोंदणी करताना एक प्रश्न संकोच न करता विचारा: घाबरल्यास किंवा वीज गेल्यास दार आतून लगेच उघडते का? ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन येथे अशाच एका ठिकाणी आग लागून वाढदिवस साजरा करायला आलेल्या १५ वर्षांच्या पाच मुली बाहेर पडता न आल्याने दगावल्या. आमच्या खोलीचे दार खेळातली किल्ली नसतानाही एक बटण दाबून उघडता येत होते आणि ते आम्हाला सुरुवातीलाच दाखवण्यात आले. जिथे याचे स्पष्ट उत्तर मिळत नाही तिथे खेळू नका.

कोडी कोणत्या भाषेत आहेत हेही विचारून घ्या, आणि आपल्या वयाचे मित्र सोबत असतील तर सर्वांना वाचण्याचा चष्मा आणायला सांगा. नकाशावरचे ते तीन आकडे मंद उजेडात आमच्यापैकी दोघांना दिसतच नव्हते.