फिटच्या गोळ्या बंद करू का?

"मॅडम, फिट थांबल्या, पण पोरगा पार बदलला. गोळ्या बंद करू का?" सिडकोतल्या एका आईचा हा प्रश्न. फिटचा पेशंट घरात असलेले बरेच जण मला हेच विचारतात, म्हणून ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

मुलगा चोविशीतला, अंबडच्या कंपनीत सीएनसी मशीनवर. न्यूरॉलॉजिस्टांनी लेव्हेटिरासिटॅम हे फिटचं औषध सुरू केलं आणि फिट थांबल्या. घरात मात्र ताट भिरकावणं, बहिणीच्या अंगावर धावून जाणं आणि नंतर खोलीत गुपचूप पडून राहणं सुरू झालं. वडील म्हणत, माजलाय. आत्या म्हणत होती, बाहेरचं बघून घ्या.

आईला म्हटलं, जुन्या चिठ्ठ्या काढा आणि तारखा मांडा: गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, राग कधीपासून. कागद भरला तसा त्यांचाच आवाज उतरला. सकाळ-संध्याकाळची 500 ची गोळी 1000 ची झाली, त्यानंतर पंधरवड्यातच पहिलं भांडण होतं.

या औषधाने काहींना चिडचिड, आक्रमकपणा, उदासी येते. पेरॅम्पॅनेल या दुसऱ्या औषधावर तर अमेरिकेत अशा त्रासांसाठी सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापतात. 2008 मध्ये तिथल्या औषध नियामकाने फिटच्या 11 औषधांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्यांत 0.43 टक्के, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 0.24 टक्के आढळलं. म्हणजे धोका खरा आहे, पण थोड्यांना आहे. शिवाय अपस्मारासोबत, म्हणजे फिटच्या आजारासोबत, नैराश्य मुळातच जास्त दिसतं, त्यामुळे सगळा दोष गोळीच्या माथी मारणंही बरोबर नाही.

मुलाशी एकट्याने बोलले. सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती लोकांना फार असते. तसं होत नाही. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "येतं. पण घरी सांगितलं तर म्हणतील, नाटकं करतोय."

त्याच्या परवानगीने त्याच्यासमोरच आईवडिलांना सांगितलं. वडील काही बोलले नाहीत, त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टांना फोन केला आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही, सगळ्या गोळ्या आईच्या ताब्यात, रोजचा डोस मात्र चुकवायचा नाही.

कारण गोळी एकदम तोडली तर फिट उसळून येतात, कधी एकामागून एक, न थांबणाऱ्या. त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी तारखांचा कागद पाहिला आणि लॅमोट्रिजिन हे फिटचंच दुसरं औषध निवडलं. ते अंगावर पुरळ येऊ नये म्हणून आठवड्या-आठवड्याने वाढवावं लागतं, आणि जुनं औषध त्यानंतर हळूहळू उतरवतात. घरच्यांना हा काळ जड गेला. राग ओसरायला लागला तेव्हा बहिणीशी तो स्वतःहून बोलला. उदासीसाठी समुपदेशन अजून चालू आहे.

लेव्हेटिरासिटॅम कित्येकांना उत्तम मानवतं. त्यांनी हे वाचून काहीही बदलू नये. पण गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर स्वभाव पालटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर माणसाजवळ थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, मराठीतसुद्धा.