आमच्या गावात लॉटरीचं दुकान नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट कुठे मिळेल?

तालुक्याला गेलात की आधी एसटी स्टँडच्या आसपास बघा. टेबल, वर दोरीला चिमट्यांनी लटकवलेली तिकिटं आणि बाजूला मागच्या सोडतीचा निकाल, एवढंच दुकान असतं. नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी एखादा फिरता विक्रेता भेटतो.

गावोगावी दुकान नसण्याचं कारण साधं आहे. ही लॉटरी १९६९ पासून आहे, पण सरकार स्वतः गावात दुकान टाकत नाही, तिकिटं एजंटांमार्फत खाली येतात. विक्रेत्याचं पोट कमिशनवर. दिवसाला चार तिकिटं खपणाऱ्या गावात तो कशाला बसेल?

एक मात्र सांभाळा. तालुक्याला ‘लॉटरी’ची पाटी लावून आत एक आकडी खेळ चालवणारेही सापडतात. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यात एका अंकावर बक्षीस द्यायला मनाई आहे, म्हणजे तो मटकाच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर केरळ लॉटरी विकणाऱ्याला तर पैसे पाठवूच नका. ती तिकिटं कागदीच असतात, ऑनलाइन विकली जात नाहीत.

शेजारचं कुणी तालुक्याला जात असेल तर त्याच्याकडून मागवा, पण तिकीट हातात आल्यावर मागे स्वतःचं नाव आणि सही लगेच करा.