शेतात आयुष्य गेलेल्या आईबद्दल काय लिहावं?

तुमची आई चार महिन्यांपूर्वी गेली, वर्षश्राद्धाला तिच्यावर एक पान छापायचंय, पण ‘कष्टाळू, प्रेमळ, सोशिक’ यापुढे काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी आई गेली तेव्हा पेपरातल्या निधनवार्तेत मी हेच तीन शब्द दिले होते. सहा वर्षं झाली, अजून रुखरुख आहे. कुणाच्याही आईच्या फोटोखाली चालले असते ते शब्द.

माझं ऐकाल तर तिनं किती सोसलं हे बाजूला ठेवा आणि तिला काय काय येत होतं ते लिहा.

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, सासवडजवळ. अंजीर, सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा. आईनं शाळेची पायरी कधी चढली नाही. वाटाण्याची तोडणी झाली की रात्री टेम्पो यायचा आणि डाग, म्हणजे मालाची पोती, भरून, दिवेघाट उतरून पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात पोचायचा. एकेक डाग टेम्पोत चढला की आई ओसरीच्या भिंतीवर चुलीतल्या कोळशानं एक रेघ ओढायची.

मी आठवीत असेन. आबा, म्हणजे माझे वडील, पट्टी, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याची हिशोबाची पावती, घेऊन आले आणि मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. वजन, भाव, हमाली, तोलाई, वजा जाता उरलेली रक्कम. आईनं विचारलं, “डाग किती लिवल्यात?” म्हटलं, दहा. ती पदराला हात पुसत भिंतीपाशी गेली, प्रत्येक रेघेवर बोट ठेवत मोजलं. अकरा. आबा म्हणाले, “जाऊ दे, रोजचा माणूस हाय, एका डागापायी कशाला वाईटपणा घ्यायचा?” आई म्हणाली, “रोजचा हाय म्हणूनच इचारायचं.” दुसऱ्या दिवशी आबा परत गेले. आडत्यानं वही काढून पाहिली तर आमचा एक डाग दुसऱ्याच्या नावावर चढलेला. पैसे मिळाले. तेव्हापासून आलेली प्रत्येक पट्टी आईनं तारेला ओवून ठेवली. ती तार आता हडपसरला माझ्या घरी आहे.

अंजिराचंही तसंच. फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, तो लागला की कातडी जळजळते. हंगामात आईच्या बोटांची पेरं सोलवटलेली असायची, रात्री ती त्यांना गोडंतेल लावून बसायची. ऊन चढायच्या आत तोडा उरकायचा म्हणून पहाटेच बागेत. पुरतं उजाडलेलं नसलं तरी फळ नुसतं चाचपून तिला कळायचं, हे आज काढायचं, हे उद्या. पाटीत खाली अंजिराचीच पानं, वर फळं, कुठं नख लागू द्यायची नाही. मी भरलेली पाटी बाजारात पोचेपर्यंत ओली व्हायची, तिची कोरडीच राहायची. कितीदा शेजारी उभा राहून बघितलं, मला ते जमलं नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी मी तिला वाचून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, “मग भाव वाढंल का?”

१९७२ च्या दुष्काळात ती थोरल्या भावाला कडेवर घेऊन खडी फोडायला जायची. मदत म्हणून मिळणारी सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी यांवर दिवस काढले. याबद्दल ती फारसं बोलायची नाही, म्हणून मीही वाढवून सांगत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या घरात घडली असेल तर लिहाच. एवढं सगळं करून माझ्या आईचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते आबा गेल्यावर, वारस म्हणून. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यानं आपल्या हयातीत बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी म्हणून. आमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही. शिकलेला मुलगा मी, मीही काढला नाही. ते चुकलंच माझं. नवा उतारा घेऊन आलो तेव्हा तिनं विचारलं, “माझं नाव कुटं हाय?” मी दाखवलं. त्यावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बसून होती.

तुम्हाला स्वतःला असं काही आठवत नसेल तर घाबरू नका. मुलांना आई घरातली तेवढी माहीत असते. तिच्याबरोबर खुरपायला, काढणीला जाणाऱ्या बायका गावात असतील, तुमची मावशी असेल. त्यांना विचारा: बी कुठलं धरायची, कुणाशी भांडली होती, पैसे कुठं लपवायची, बांधावर बसल्यावर काय बोलायची. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका, त्या बायकांचीही वयं झालीत. जमलं तर फोन न करता समक्ष जा, चहा होईपर्यंत गप्प बसा, आणि त्या बोलायला लागल्या की मधे तोंड घालू नका.