लाल गुलाब सपाट का येतो?

लाल गुलाबाचा फोटो रंगाच्या डागासारखा येतोय, पाकळ्यांच्या कडा दिसत नाहीत, तर दोष लेन्सला देऊ नका. अशा फुलात कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल रंग सगळ्यांत आधी भरून जातो, बारकावे पुसले जातात, आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ते लपवतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) -0.7 ते -1 वर आणा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. ऊन चढायच्या आत किंवा ढगाळ दिवशी जा. जवळून टिपताना अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8 ठेवा, शटर 1/250 पेक्षा हळू नको. वारा नाही म्हणता म्हणता देठ डोलतोच. फोकस मधल्या गुंडाळीच्या पुढच्या कडेवर. सावलीकडून पांढरा पुठ्ठा धरा. फूल अर्धवट उमललेलंच निवडा, खरी मजा त्या वळणांत असते. कळीखालचा मावा (बारीक किडे) मात्र आधी बघून घ्या. स्क्रीनवर नंतर तोच डोळ्यात भरतो.