दोन पानांच्या मधली माणसं

प्रिय दोस्त,

भटक्या-विमुक्तांवर सातत्यानं लिहायचं ठरवलंस, बरं वाटलं. डेस्कवर याला 'सॉफ्ट बीट', म्हणजे बिनमहत्त्वाचं वार्तांकनाचं क्षेत्र, म्हणतील. म्हणू देत.

आपल्या वर्तमानपत्रांत ही माणसं दोनच ठिकाणी भेटतात. गुन्ह्याच्या पानावर 'पारधी टोळी' म्हणून, नाहीतर रविवारच्या पुरवणीत वासुदेव, नंदीबैलवाले म्हणून, रंगीत फोटोसकट. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कायद्यानं पुसला, पण मथळ्यांत अजून उमटतो. दुसऱ्या आरोपीची जात छापली नसती, तर याचीही छापू नकोस.

तुझं खरं काम तहसील कचेरीत आहे. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होतं, त्यांच्या आजोबांचं नाव कुठल्या शाळेच्या रजिस्टरात असणार? दाखला नाही, म्हणून सवलत नाही, आणि पोरगं शाळेतून गळतं. एखाद्या कुटुंबाबरोबर तिथे दिवसभर बस. कोणता कागद मागितला, कोणत्या शासन निर्णयाचा हवाला दिला, नकार लेखी मिळाला की तोंडी, सगळं टिपून ठेव. कंटाळवाणं आहे. पण बातमी तिथेच आहे.

जातपंचायतीचं प्रकरण कधीतरी हाती येईलच. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आधी वाचून घे. तक्रार करणारी बाई त्याच वस्तीत राहणार आहे, तू संध्याकाळच्या एसटीनं परतणार आहेस. नाव बदललं, पण गाव, वय आणि नवऱ्याचा धंदा छापला, तर ती कोण हे सगळ्यांना कळतंच. पंचांच्या निवाड्यावरून अख्ख्या जमातीला नावं ठेवणारं वाक्य कुणीतरी घुसवेल. ते काढायला भांड. प्रतिक्रियेसाठी पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांवर थांबू नकोस. त्या समाजातली शिकलेली पोरं पंचायतीशी लढताहेत, त्यांना जाणकार म्हणून विचार.

या विषयामुळे बढतीला उशीर होईल, हे धरून चाल. सुरुवातीला जिल्हा न्यायालयाचं बीट मागून घे. एफआयआर, आरोपपत्र, जामीन अर्ज वाचायची सवय लागली, की पोलिसांनी पत्रकार परिषदेत सांगितलेली 'टोळी' निकालपत्रात कितपत उरली, हे तुझं तुलाच तपासता येईल. संपादकांशी मी बोलतो.