व्हॅनच्या आधीच्या मालकांचा माग

प्रश्न : इंग्लंडमध्ये १९७२ची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन घेतली आहे. आधीचे मालक कसे शोधू? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : माझ्याही व्हॅनच्या वेळी मी आधी कागदांमागे धावलो. तुम्ही आधी गाडीत शिरा. पुढच्या सीटमागे आकडे ठोकलेली लहानशी पत्र्याची पट्टी असते. गाडी कधी बनली, कुठल्या देशासाठी, हे त्या आकड्यांत दडलेलं असतं. मग गाद्या उचला, कपाटाच्या फटीत बोटं घाला. मला तिथं गंजलेला चहाचा चमचा आणि गॅरेजचं बिल मिळालं. बिलावर चक्क नाव, गाव!

मग कागद. डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे, आधीच्या मालकांच्या माहितीसाठी ‘व्ही८८८’ अर्ज करा. कारण मात्र पटणारं हवं, नुसती हौस सांगून भागेलच असं नाही. या कार्यालयाची वेल्समधल्या स्वान्सीतली मध्यवर्ती नोंदणी १९७४पासूनची. त्याआधीच्या नोंदी काउंटी कौन्सिलकडे असत. काही वह्या काउंटीच्या अभिलेखागारात आहेत, बऱ्याच रद्दीत गेल्या. जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, मिळालं तर लॉटरीच. त्यात मालकांची नावं ओळीनं असतात.

पत्ता सापडला तर थेट दार वाजवू नका, आधी पत्र टाका. सोबत व्हॅनचा फोटो जोडा.